मोडायची फेरी

सोमवारी सकाळी दूधवाल्या तुकारामने पिशवी हातात द्यायच्या आधीच विचारलं, "काय ओ इंगवले, पोरगी जातीया म्हणं नीलगिरीला?"

मी पिशवी ओढून घेतली. "कुणी सांगितलं?"

"क्षितिज तीन दावतंय की. परवापातूर तेरा हुतं."

या माणसाने जन्मात एक शर्यत पाहिलेली नाही. पण गेले दोन महिने हे असंच चाललं होतं. दातांच्या डॉक्टरने हाच प्रश्न विचारला, तोही माझ्या तोंडात दोन नळ्या असताना, आणि वर उत्तराची वाट बघत थांबला. मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नात मी अक्षता घेऊन उभा होतो, तर मंगलाष्टकं चालू असताना शेजारचे पाहुणे कानाशी आले आणि म्हणाले, "खरं काय ते सांगा, आम्ही कुणाला सांगत नाही." माझे कान किटले होते.

मी जयवंत इंगवले. रंकाळा रेसिंग हा कोल्हापूरचा संघ, त्यात केतकी सरनोबतच्या गाडीचा मी रेस इंजिनिअर. म्हणजे शर्यतीत तिच्या कानात जो आवाज असतो तो माझा. बॅटरी किती राखायची, टायर कधी बदलायचे, सरावाच्या कुठल्या फेरीत काय करून बघायचं, हे सगळं मी एका पत्रकावर लिहून देतो आणि ती चालवते. ती दहा वर्षांची असल्यापासून, छोट्या कार्टपासून, हे असंच चालू आहे. आज ती चोवीस वर्षांची आहे आणि विजेवरच्या गाड्यांच्या अखिल भारतीय लीगमध्ये तिसऱ्या क्रमांकावर आहे. 'मी आलो, मी गेलो' असं अस्सल कोल्हापुरी बोलते आणि मला काका म्हणते.

आता हे 'तीन' काय आहे ते सांगतो. गेले दोन महिने मी ते इतक्या लोकांना सांगितलंय, की आता झोपेतसुद्धा सांगू शकेन.

क्षितिज हे यंत्र मुळात वाईट नाही. मूळ कल्पना दवाखान्यातली. पक्षाघात झालेला माणूस बरा होताना हात पुन्हा वापरायला शिकतो. कप धरायचा तर एकदा बोटं अशी वळवून बघतो, एकदा तशी. काही संशोधकांच्या लक्षात आलं, की ज्या रुग्णाने मनातून आशा सोडलेली असते तो असं नवं काही करून बघत नाही. जेवढं जमतंय तेवढंच परत परत करतो. तोंडाने 'मी बरा होणार' म्हणत असतो, पण हाताने प्रयोग थांबवलेले असतात.

बदलीवर आलेला बँकेतला साहेब डोळ्यांसमोर आणा. गावात नवा असतो तेव्हा रोज वेगळ्या खानावळीत जेवतो. दोनदा पोट बिघडतं, तिसऱ्यांदा चांगली जागा सापडते. तीन वर्षं काढायची आहेत, एखादं जेवण वाया गेलं तर गेलं. पण बदलीचा हुकूम खिशात पडला, की शेवटचे पंधरा दिवस तो ठरलेल्या खानावळीत ठरलेल्या टेबलाशी बसतो. आता नवं शोधून ते वापरणार कधी? म्हणजे तो कुठे जेवतो एवढं बघितलं, तरी त्याच्या मनात किती दिवस उरलेत ते कळतं. त्याला विचारायचीही गरज नाही.

ड्रायव्हरचंही तसंच. लीगच्या नियमाने प्रत्येक गाडीचे सगळे आकडे प्रेक्षकांना खुले असतात. स्टिअरिंग किती वळलं, ब्रेक किती दाबला, सेकंदाला हजार वेळा. एकाच वळणातून पन्नास वेळा गेलं तर पन्नास फेऱ्या सारख्या नसतात. काही फरक चुकून होतात, काही मुद्दाम केलेले असतात. चूक झाली की हात दचकून सावरतात. मुद्दाम केलेल्या फरकात तो दचका नसतो. क्षितिज हे दोन प्रकार वेगळे काढतं, प्रयोग मोजतं, आणि त्यावरून सांगतं की या ड्रायव्हरच्या मनात या गाडीतल्या आणखी किती शर्यती उरल्या आहेत. केतकीचा आकडा हंगामाच्या चौथ्या शर्यतीनंतर चौतीस होता. पाचवीनंतर तेवीस. सहावीनंतर तेरा. काल सातवी झाली आणि आला तीन. हंगामात शर्यती दहा.

दवाखान्यातलं हे यंत्र एका करमणुकीच्या कंपनीच्या हाती लागलं आणि आमचं वाटोळं झालं. आता दर रविवारी प्रत्येक ड्रायव्हरच्या नावापुढे 'उरलेल्या शर्यती' असा आकडा झळकतो. संतापजनक भाग हा, की तो खरा निघतो. मागच्या हंगामात सहा जणांनी संघ सोडले, त्यातल्या पाचांचं क्षितिजने आधी सांगितलं होतं. एकाने तर मला स्वतः सांगितलं, "माझं ठरायच्या आधी याला कळलं."

त्यात भर म्हणून नीलगिरी रेसिंगचे व्यवस्थापक सेल्वराज जूनमध्ये कोल्हापुरात दिसले. देवीच्या देवळाबाहेर कुणीतरी त्यांचा फोटो काढला आणि सगळ्या गावाने गणित मांडून टाकलं, सेल्वराज आले ते केतकीला न्यायला.

सेल्वराज मला भेटायला आले होते. ती वेगळी गोष्ट. कोइमतूरला त्यांचा सिम्युलेटर विभाग उभा राहतोय, म्हणजे जागेवर बसून पडद्यावरच्या ट्रॅकवर गाडी चालवायची यंत्रं, तिथे प्रमुख म्हणून येता का, असं त्यांनी विचारलं. खुर्चीवरचं काम, रोज संध्याकाळी घरी. माझे गुडघे गेलेत आणि माझी मुलगी तिथेच असते, तिला मार्चमध्ये बाळ झालंय. मी हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. पत्र कपाटात ठेवून दिलं होतं आणि अजून काही ठरवलं नव्हतं. बायकोने, कुंदाने, फोनवरून तमिळ शिकायला घेतलं होतं, पण तो तिचा उत्साह.

"मोरीतला नळ गळतोय," त्या सकाळी कुंदा म्हणाली. "प्लंबरला बोलवू?"

"राहू दे," मी म्हणालो. "आता कशाला?"

साडेदहाला आबांचा निरोप आला. आबा म्हणजे प्रतापराव शिंत्रे, संघाचे मालक. शिरोलीला त्यांची फाउंड्री आहे आणि रेसिंग हा त्यांचा एकमेव नाद. त्यांच्या ऑफिसात भिंतीवर मोठ्या पडद्यावर क्षितिजचाच तक्ता लावलेला होता. केतकीच्या नावापुढे लाल रंगात तीन.

"इंगवले, बसा. पोरगी जाणार हाय का न्हाई, एवढंच सांगा."

"आबा, मला असं काही वाटत नाही."

"वाटण्याचं काम न्हाई. ह्यो आकडा बगा." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "पुढच्या सालच्या गाडीचा आराखडा तयार हाय. एकदा तिनं बगितला आन नीलगिरीला जाऊन बसली, तर आमी काय करायचं? टाळ वाजवत बसायचं?"

"तिने संघ सोडायचा म्हटलंय का कधी?"

"म्हणंल कशी? कोण म्हणतंय का जायच्या आदी?"

यावर मी खिडकीतून बाहेर बघितलं.

आबांनी निर्णय सांगितला. शुक्रवारी कागलला सराव आहे, त्याच्या आत केतकीने पुढच्या दोन वर्षांचं लिहून द्यायचं. नाही दिलं, तर नव्या गाडीचं सगळं काम चेतन लाटकरकडे, आमच्या दुसऱ्या ड्रायव्हरकडे. चेतन चांगला आहे, पण नवी गाडी ज्या ड्रायव्हरच्या हाताने घडते ती त्याच्याच हाताला बसते. केतकीला मग पुढच्या वर्षी चेतनच्या मापाची गाडी मिळणार. ड्रायव्हरची कारकीर्द संपते ती अशीच. हळूहळू, आणि सगळे म्हणतात, हिचंच मन उडालं होतं.

"तुमी विचारा तिला," आबा म्हणाले. "तुमचं ऐकती ती."

मी कार्यशाळेत गेलो तेव्हा केतकी मानेचा व्यायाम करत होती. हेल्मेटला दोन किलोची वजनं अडकवून मान डावीकडे, उजवीकडे. मला बघून तिने हेल्मेट काढलं. केस घामाने कपाळाला चिकटले होते.

"बोला काका."

कसं विचारावं याचा मी सगळ्या वाटेवर विचार केला होता आणि शेवटी दूधवाल्यासारखंच विचारलं. "केतकी, तू जाणार आहेस का?"

ती हळूच म्हणाली, "तुमीपण?"

"आबांनी लिहून मागितलंय. दोन वर्षांचं. तू लिहून टाक, विषय संपेल."

"का लिहू? चौदा वर्षांत मी कधी लिहून दिलं नव्हतं, तवा जात होतो का कुठं?" तिचा आवाज चढला. "घरी आई विचारती. जिममधला विचारतोय. परवा पेट्रोल पंपावरच्या चहावाल्यानं विचारलं. त्यांना मी काय बोलणार? पण तुमी माझ्या गाडीत बसल्यागत असता काका. तुमाला माझं कळत न्हाई?"

"आकडा काय सांगतोय ते बघितलंस ना? तू नवं काही करून बघतच नाहीयेस, हे खरं आहे. मी आलेख बघितलेत."

हे मी बोलायला नको होतं. तिचा चेहरा एकदम बंद झाला. तिने हेल्मेट परत डोक्यात घातलं.

"तुमी लिहून देता तेच मी चालवतो," एवढं बोलून ती परत मान वळवायला लागली. डावीकडे, उजवीकडे.

मी तणतणत वर आलो. काय म्हणे, तुम्ही लिहून देता. म्हणजे आता माझ्यावर ढकलायचं. चौदा वर्षं मी हिला घडवली आणि एका साध्या प्रश्नाचं सरळ उत्तर नाही. राग सगळ्यांचाच आला होता. आबांचा, क्षितिजचा, चहावाल्याचा. वरच्या मजल्यावर समीना मुजावर बसते. गाडीचे आकडे वाचणं हे तिचं काम, आणि चार वर्षांत मी तिच्या तोंडून एक फालतू वाक्य ऐकलेलं नाही. तिच्यासमोरच्या खुर्चीत मी धपकन बसलो.

"समीना, हे क्षितिज खोटं आहे असं सिद्ध करून दे. शुक्रवारच्या आत."

"मी शनिवारपासून तेच करतेय, सर," ती म्हणाली. "खोटं नाहीये ते."

"मग ही जातेय?"

"तसंही नाही." तिने पडदा माझ्याकडे वळवला. "कंपनी जो आकडा दाखवते तो मागच्या तीन शर्यतींची सरासरी असतो. म्हणून चौतीस, तेवीस, तेरा, तीन असा उतरताना दिसतो. मी प्रत्येक शर्यतीचा सुटा काढला. हा बघा."

सुटा आलेख उतरत नव्हता. चौथ्या शर्यतीपर्यंत तो चौतीसच्या आसपास सरळ होता. पाचव्या शर्यतीच्या पहिल्याच सरावाला तो एकदम तीनवर पडला आणि तिथेच राहिला.

"एका दिवसात?" मी विचारलं.

"एका दिवसात. ड्रायव्हरचं मन असं पडत नाही, सर. आधी कुरकुर दिसते, मग घसरण. हे तर कुणीतरी बटण बंद केल्यासारखं आहे." तिने दुसरा आलेख उघडला. "मग मी केतकीचे सिम्युलेटरवरचे आकडे घेतले. ते बाहेर जात नाहीत, आपल्यापाशीच असतात. ती दर बुधवारी एकटी येते, मनाला येईल ते चालवते. त्यावर क्षितिज चालवून बघितलं. पस्तीस."

"पस्तीस!" मी खुर्चीतून उठलोच. "मग झालं तर! तिचं मन शाबूत आहे. सिम्युलेटरवर पस्तीस आणि ट्रॅकवर तीन. ट्रॅकवर असं काय आहे जे सिम्युलेटरवर नाही?"

समीनाने खाली टेबलाकडे बघितलं.

"ट्रॅकवर तुम्ही असता, सर."

मला आधी रागच आला. मग तिने रेडिओचं ध्वनिमुद्रण लावलं आणि तो कुठे गेला कळलं नाही.

आमची एक पद्धत आहे. केतकी दहा वर्षांची असताना चुकायला फार घाबरायची. एकच रेघ धरून चालवायची, एक इंच इकडे नाही की तिकडे. एका शुक्रवारी वैतागून मी म्हणालो, "आज शेवटची फेरी मोडायची. मुद्दाम. एका वळणावर काहीतरी भलतंच कर, बाहेर गेलीस तरी चालेल." ती गेली बाहेर, गवतात, आणि हसत परत आली. तेव्हापासून प्रत्येक शुक्रवारच्या सरावात शेवटची एक फेरी मोडायची असते. दहापैकी नऊ वेळा काही हाती लागत नाही. दहाव्या वेळी जे लागतं त्यावर आम्ही पुढच्या वर्षीची गाडी बांधतो. पत्रकावर ती फेरी मी लिहितो, कुठलं वळण तेही मीच लिहितो, आणि त्याआधीच्या फेरीला ती रेडिओवर विचारते.

पाचवी शर्यत, शुक्रवार. केतकीचा आवाज: "काका, आज काय मोडू?" माझा आवाज: "काही नको. बॅटरी राख."

सहावी शर्यत, शुक्रवार. "काका, आज काय मोडू?" "नको आज. सरळ आत ये."

सातव्या शर्यतीच्या शुक्रवारी तिने विचारलंच नाही.

समीनाने पत्रकंही काढून ठेवली होती. पाचव्या शर्यतीपासून माझ्या हातच्या एकाही पत्रकात एकही नवा प्रयोग नव्हता. नवी ब्रेकची जागा नाही, टायरचा वेगळा दाब नाही. जे चालतंय तेच परत परत. बॅटरी वाचवायची म्हणून, असं मी त्या त्या वेळी स्वतःला सांगितलं होतं, आणि मला ते अगदी खरं वाटलं होतं.

सेल्वराज चौथ्या आणि पाचव्या शर्यतीच्या मधल्या आठवड्यात आले होते.

मला मोरीतला नळ आठवला. आता कशाला.

आम्ही सगळे, बत्तीस माणसांचा आख्खा संघ, दोन महिने ड्रायव्हरच्या नावापुढचा आकडा बघत होतो आणि ड्रायव्हरचं मन वाचत होतो. ती काय चालवते ते कोण लिहितं, हा प्रश्न या धंद्यात आयुष्य काढलेल्या एकाही शहाण्याला पडला नाही. मला तर नाहीच नाही. तीन शर्यती माझ्या उरल्या होत्या. मला कळायच्या आधी क्षितिजला कळलं, आणि त्याने ते केतकीच्या नावावर लावलं.

"तू कुणाला सांगितलंस?" मी समीनाला विचारलं.

"कुणालाच नाही. तुमचं तुम्ही बघा, सर. पण शुक्रवारच्या आत बघा."

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. आबांना नुसता सिम्युलेटरचा पस्तीस दाखवायचा, ट्रॅकवरच्या तीनचं खापर बॅटरीवर फोडायचं, आणि हंगाम संपल्यावर गुपचूप गुडघ्यांचं कारण सांगून निघून जायचं. केतकीची जागा वाचली असती, माझी अब्रूही वाचली असती. दोन दिवस मी हा बेत मनात फिरवला. पण दर वेळी ते सातव्या शर्यतीचं ध्वनिमुद्रण आठवायचं, ज्यात तिने विचारलंच नव्हतं. त्या शांततेत तिने काय समजून घेतलं असेल, हे मला माहीत नव्हतं.

बुधवारी दुपारी ती सिम्युलेटरवर आली तेव्हा मी आधीच जाऊन बसलो होतो. सेल्वराजचं पत्र मी तिच्या हातात दिलं. तिने ते वाचलं, तारीख बघितली, परत वाचलं.

"मंजे तुमी जाणार."

"हो." तो शब्द मी पहिल्यांदा तोंडातून काढला, तोही तिच्यासमोर. "तुझा आकडा माझा आहे केतकी. मी पत्रकात लिहायचं बंद केलं. मला कळलंसुद्धा नाही."

तिने मान वर केली आणि मला कळलं की आता ओरडणार.

"तुमी मोडायची फेरी बंद केलीत, तवा मला वाटलं तुमचा माझ्यावरचा इश्वास उडाला! क्षितिज बघून तुमालाबी वाटतंय मी जाणार, म्हणून नवं काय मला द्यायचं नाही म्हणताय. दोन महिने काका! दोन महिने मी विचार करतोय माझं काय चुकलं. सेल्वराजचा फोन मी उचलला न्हाई एकदापण. आन गेल्या आठवड्यात मला पहिल्यांदा वाटलं, की जावं. इथं कुणाला मी नको हाय तर जावं."

"चुकलं माझं."

"जाण्यात काय न्हाई चुकलं," ती डोळे पुसत म्हणाली. "तुमची नात हाय तिकडं. मीच म्हणालो असतो जावा. मला सांगायचं हुतं की ओ!"

सांगायचं होतं. तिने पत्र घडी घालून माझ्या खिशात कोंबलं, सिम्युलेटरमध्ये जाऊन बसली आणि दार लावून घेतलं.

तिथून मी सरळ शिरोलीला गेलो. समीनाचे आलेख, पत्रकं आणि पत्र, तिन्ही आबांच्या टेबलावर ठेवली. आबांना आलेखातलं फार कळत नाही, पण पत्र कळलं.

"मंजे दोन म्हैनं मी त्या पोरीला श्या घालतोय," ते म्हणाले, "आन तुमी त्या खुर्चीत बसून ऐकून घेताय."

"हो आबा."

"जायाला कोण अडवतंय का हितं? सांगून जायाचं!" त्यांनी हात पुढे केला. "पास द्या."

मी गळ्यातला पास काढून दिला. चौदा वर्षांचा नव्हे, दर वर्षी नवा असतो, पण तरी. केतकीच्या गाडीची इंजिनिअर आता समीना, हे त्यांनी माझ्यासमोरच फोनवर सांगितलं. केतकीने काही लिहून द्यायची गरज नाही, हेही सांगितलं. नव्या गाडीचा आराखडा तिला त्याच संध्याकाळी दाखवला गेला, असं मला नंतर कळलं. मला कुणी फोन केला नाही. केतकीनेही नाही.

घरी आल्यावर मी प्लंबरला फोन लावला. कुंदा म्हणाली, "आता कशाला?" मी म्हणालो, "जाईपर्यंत तरी गळू नये."

शुक्रवारी मी कागलला तिकीट काढून स्टँडमध्ये बसलो. आयुष्यात पहिल्यांदा. ऊन डोक्यावर, समोर भेळेची गाडी, आणि शेजारी मुरगूडचे एक गृहस्थ, गळ्यात दुर्बीण. त्यांनी मला ओळखलं नाही. इंजिनिअरचं तोंड कोण बघतं? मात्र त्यांना सगळं माहीत होतं.

"तो इंगवले गेला बगा नीलगिरीला. आता ही पण मागनं जातीया. ठरलेलंच हाय. दोघांचं संगनमत."

"कशावरून?" मी दात ओठ खात विचारलं.

"आकडा तीन हाय न्हवं अजून!"

मी फोनचा इयरफोन कानात घातला. प्रत्येक गाडीचा रेडिओ आता कुणालाही ऐकता येतो. समीनाचा आवाज कोरडा, नेमका, एक शब्द जास्त नाही. बॅटरी इतकी, टायर इतका गरम. केतकी नुसतं हं म्हणत होती. सराव संपत आला. दोन फेऱ्या उरल्या. समीनाला या पद्धतीबद्दल माहीत आहे, पण तिने पत्रकावर लिहिलं असेल का? पहिलाच शुक्रवार, नवी जबाबदारी, बॅटरी कमी. लिहिलं नसेल तर मी तिला दोष देऊ शकत नव्हतो.

कानात केतकीचा आवाज आला.

"समीना, आज काय मोडू?"

मग समीना म्हणाली, "सातवं वळण. ब्रेक दहा मीटर उशिरा. बाहेर गेलीस तरी चालेल."

सातवं वळण आमच्या स्टँडच्या बरोबर समोर होतं. गाडी आली, ब्रेक लागला तो भलत्याच ठिकाणी, मागची चाकं सुटली आणि ती सरळ वाळूत जाऊन धुरळा उडवत फिरली. आख्खा स्टँड उठून उभा राहिला. मुरगूडकरांनी कपाळ बडवलं. "बगा! म्हणलं न्हवतं? मन न्हाई हिचं गाडीत!"

मी उभा राहून टाळ्या वाजवत होतो. सगळे माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघत होते आणि मला डोळ्यांतलं पाणी पुसायचंही सुचत नव्हतं. तिच्या हातांत दचका नव्हता. मी एवढ्या लांबून बघितलं, पण पैजेवर सांगतो, नव्हता.

गाडी वाळूतून हळूहळू बाहेर आली.

"समीना, हे चालत नाही," केतकी रेडिओवर म्हणाली. धापा टाकत होती, पण आवाजात हसू होतं. "मागचं टोक हलकं पडतंय. पुढच्या सालच्या गाडीला मागं वजन जरा खाली घेऊया. मग चालंल."

"लिहून घेतलं," समीना म्हणाली.

थोड्या वेळाने सगळ्यांचे फोन एकदम वाजले. रविवारच्या आधीचा, सरावावरचा कच्चा आकडा आला होता. केतकी सरनोबत, उरलेल्या शर्यती: बारा. सरासरी आहे, हळूहळूच चढणार. दोन शर्यतींत तिशीच्या वर जाईल. तेव्हा तिच्या कानात माझा आवाज नसेल, आणि आकड्याला त्याने काही फरक पडणार नाही. हे मला लागलं. लागायचंच होतं.

मुरगूडकर दुर्बीण खाली करून फोनकडे बघत होते. "आता बारा कसं काय झालं ओ? ती तर बाहेर गेली!"

"ती राहतेय," मी म्हणालो.

"कोण?"

"केतकी. ती रंकाळ्यातच राहतेय. आत्ताच सांगितलं तिने, सगळ्यांना ऐकू जाईल असं."

"कवा? मला तर काय ऐकू आलं न्हाई तसं. आन तुमी कशावरनं म्हणताय?"

मी कपाळाला हात लावला. मग त्यांच्या बाजूला सरकून बसलो आणि म्हणालो, "असं बघा, बदलीवर आलेला एक बँकेतला साहेब असतो..."